मिठाच्या पुड्यावर तारीख



रब्बीच्या पेरण्या आटोपल्या, ज्वारी गुडघ्याला लागली, आणि दिवेलागणीनंतर घरोघर घटकाभर टेकायला सवड झाली असेल. या सदरातून मी आजवर आपल्याशी बोललो ते बियाणे, खते, कीड आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी. आज मात्र बांधावरून उठून सरळ आपल्या चुलीपाशी येऊन बसणार आहे. "साहेब, तुम्ही शेतीखात्याचे, चुलीशी तुमचा काय संबंध?" असे कोणी विचारील. संबंध असा की, आपण पिकवतो ते अखेर ताटातच जायचे असते. आणि दुसरे म्हणजे, या बाबतीत माझे स्वतःचे पीक एकदा चांगले बुडालेले आहे. बुडालेल्याचा अनुभव ऐकायला काय हरकत आहे?

२०१७ च्या डिसेंबरात आमच्या कचेरीत तपासणीचे शिबिर झाले, त्यात माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी छापील कागद हातात दिला. त्यावर अकरा कलमे होती. साखर बंद, भात बंद, तळलेले बंद, तेल निम्मे, मीठ निम्मे, रोज फळ, रोज कोशिंबीर, रात्रीचे जेवण आठच्या आत, आणखी काय काय. मी बी. एस्सी. ॲग्री झालेला माणूस. कागदावरचे आपल्याला कळते अशी माझी समजूत. तो कागद मी स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी डकवला आणि घरातल्या पाचही माणसांना जाहीर केले की १ जानेवारीपासून हे सगळ्यांनी पाळायचे. सौ. काही बोलल्या नाहीत. आई म्हणाली, "बघू की."

तेराव्या दिवशी भोगी आली आणि चौदाव्या दिवशी संक्रांत. गुळाच्या पोळीवर तूप वाढताना कोणाची तरी नजर त्या कागदावर गेली आणि सगळे हसले. एक कलम मोडले एवढ्याने काही बिघडले नसते. पण एक मोडले की उरलेल्या दहांचाही धाक जातो. महिनाअखेर कागद होता तिथेच होता, आणि त्याच्या मोकळ्या जागेत सौ.नी डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशोब लिहायला सुरुवात केली होती. (भोगीच्या ताटाला मात्र मी नावे ठेवत नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, घेवडा, गाजर, वांगे, बोरे अशी सगळी एकत्र शिजलेली भाजी! आहाराच्या छापील पुस्तकात जे सांगतात ते आपल्या आजीने वर्षातून एका दिवसासाठी का होईना, बांधून ठेवले आहे.)

आता विचार करा, शेतात मी हे कोणाला करू दिले असते का? एखादा तरुण शेतकरी कृषी विद्यापीठाची शिवारफेरी करून येतो आणि म्हणतो, "साहेब, यंदा सगळ्या पाच एकरांत नवी जात, नवी लागणीची पद्धत, ठिबक, आच्छादन, सगळे एकदम करतो." मी त्याला हात धरून खाली बसवतो. म्हणतो, बाबा, दहा गुंठे घे, एकच गोष्ट बदल, आणि शेजारच्या दहा गुंठ्यांत जुनी पद्धत ठेवून काढणीला वजन कर. पटले तर पुढच्या साली वाढव. ही गोष्ट मी तीस वर्षे लोकांना सांगत आलो आणि स्वतःच्या घरात पाचही एकर एकदम नांगरायला निघालो होतो.

त्यानंतर दीड वर्ष आमच्या घरात कोणी पथ्याचे नाव काढले नाही. ते काढायला लावले केवड्याने.

उसातला केवडा आपल्या ओळखीचा आहे. चुनखडीच्या जमिनीत, विशेषतः खोडव्यात, कोवळ्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा आणि पुढे पांढराफटक पडतो. लोहाची कमतरता. मला तो मोटारसायकलवरून, रस्त्यावरूनच ओळखू येतो, याचा मला थोडा अभिमानही होता. २०१९ च्या जूनमध्ये मी असाच एकाच्या खोडव्यात उभा राहून सांगत होतो की एकरी दहा किलो हिराकस शेणखतात मुरवून द्या, आणि तेवढ्यात घरून फोन आला. पाण्याची घागर उचलताना सौ.ना चक्कर आली होती.

आरोग्य केंद्रात रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.४. बाईमाणसाला ते बाराच्या खाली नसावे. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून मला दाखवली. पांढरी. नखे पांढरी. मग त्यांनी सौ.ना विचारले, "मावशी, तुम्ही जेवता केव्हा?" काय जेवता असे नव्हे, केव्हा जेवता! सौ. म्हणाल्या, "सगळ्यांचे झाले की." "तेव्हा भाजी उरते का?" यावर सौ. गप्प बसल्या आणि मी खाली पाहिले. उरे ती चमचाभर आमटी आणि भाकरी. त्यावर शेंगा चटणी. आणि ताटावरून उठता उठता कपभर चहा.

रस्त्यावरून उसाचा केवडा ओळखणारा मी, तीन हातांवर बसून रोज जेवत होतो, आणि मला दिसला नाही.

त्या बाईंनी चहाविषयी जे सांगितले ते तर मला शेतीच्याच भाषेत कळले. चुनखडीच्या जमिनीत लोह नसते असे नाही. असते, पण चुन्यामुळे पिकाला ते उचलता येत नाही. तसेच भाकरीत, डाळीत, पालेभाजीत लोह असते. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला की त्यातला तुरट अंश त्या लोहाला धरून ठेवतो आणि ते अंगी लागत नाही. उलट लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो, पेरू असे काही जेवणात असले तर तेच लोह जास्त उचलले जाते. म्हणजे खत तेच, जमीन सुधारायची. लोहाच्या ज्या सरकारी गोळ्या मिळतात त्यांतही फेरस सल्फेटच असते, आपल्या हिराकशीचे औषधासाठी शुद्ध केलेले रूप. (म्हणून खताच्या दुकानातली हिराकस कोणी चाटून बघू नये. असे विचारणारे मला भेटले आहेत.)

ही गोष्ट आमच्या एकट्या घरची नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात ही कमतरता आढळली. आपल्या गल्लीतल्या दहा घरांकडे बघा आणि मोजा.

त्या रात्री आम्ही कागद लिहिला नाही. दोनच गोष्टी ठरल्या, आणि त्याही एकीच्याच दोन बाजू म्हणा. सौ.चा चहा जेवणानंतर एक तासाने. आणि भाजी शिजली की पहिली वाटी झाकण घालून बाजूला, ती त्यांची. बस्स.

सोपे वाटते ना? पहिल्या आठ दिवसांत ती वाटी त्यांच्या पोटात तीनदा गेली. एकदा पाहुणा आला, एकदा मुलगा "अजून आहे का" म्हणाला, दोनदा आम्हीच विसरलो, एकदा त्यांनी स्वतःच कुत्र्याला घातली, कारण "शिळी झाली असती". तेव्हा माझ्या ध्यानात आले की ज्या माणसाला आयुष्यभर मागे राहायची सवय आहे, त्याच्याच गळ्यात पुढे येण्याची जबाबदारी घालून चालत नाही. राखण दुसऱ्याने करायला हवी. ती कोणी केली? आईने.

याचे मला नवल वाटले, कारण बायकांनी शेवटी जेवायचे ही शिस्त घरात तिचीच. पण तिची बाजू मला ठाऊक होती. माझा जन्म १९७२ चा, त्या दुष्काळाच्या पोटातला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे मिळणारी सुकडी आणि घरात रेशनवरचा लाल मिलो, त्यावर घर चालले. तेव्हा जे असेल ते आधी पोरांना, म्हाताऱ्यांना आणि गड्यांना, आणि उरले तर आपल्याला. तो आपद्धर्म होता. दुष्काळ गेला, पाणी आले, ऊस आला, धर्म तसाच राहिला. मी आईला हिमोग्लोबिनचा कागद वाचून दाखवला तेव्हा ती काही बोलली नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी तिने पातेल्यातून वाटी काढली, आपल्या पाटाखाली सरकवली, आणि सौ.ना म्हणाली, "बस माझ्यासंगट. भाकरी पोरगा घेईल हातानं." त्या दिवसापासून आमच्याकडे रात्रीचे जेवण एकाच पंगतीला होते. सकाळचे अजून होत नाही. त्याचा हट्ट मी धरलेला नाही.

चार महिन्यांनी रक्त ११.३ झाले. ते नुसत्या वाटीने झाले असे सांगितले तर ती लबाडी होईल. डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, जंतांची गोळी होती, आणि अंगावरून जास्त जात होते त्यावरही उपचार झाला. ८.४ च्या माणसाला मेथीच्या भरवशावर ठेवू नये. गोळ्यांनी मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून बायका त्या आठ दिवसांत टाकून देतात. काळे होण्यात भय काही नाही, आणि मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी, फक्त चहा-दुधाबरोबर नको. पण गोळ्या बंद झाल्यावर रक्त पुन्हा उतरले नाही, ते मात्र त्या वाटीमुळे, असे मी मानतो.

या अनुभवावरून मी एक परीक्षा बसवली आहे. सीना काठच्या एका गावात महिला बचत गटाची बैठक होती, परसबागेवर बोलायला मला बोलावले होते. मी बियाण्यांची पाकिटे बाजूला ठेवली आणि विचारले, "उद्यापासून, कोणाला न विचारता आणि पैसा न मोजता, ताटात कोणता एक बदल कराल?" अकरा बायका होत्या. पहिल्या दोघी-तिघी म्हणाल्या, फळे आणू, दूध वाढवू. मी म्हणालो, पैसा मोजला. एक म्हणाली, सगळ्यांचा चहा बंद करते. मी म्हणालो, मालकाला विचारावे लागेल. तेव्हा हशा झाला, आणि मग खरी उत्तरे येऊ लागली.

एकीने सांगितले, हरभरा महिन्याचा झाला की शेंडे खुडायचेच असतात, ते यंदा शेळीला न घालता घरी आणते. उत्तम! खुडल्याने फांद्या फुटतात आणि कोवळी भाजी फुकट. फक्त फवारणी झालेल्या रानातले नकोत. खुडणी आधी, फवारणी मागून. तीच गोष्ट करडईच्या विरळणीची. दुसरी म्हणाली, मटकी-हुलगा आठवड्यातून दोनदा भिजवून मोड आणते. मोड आले की त्यातले सत्त्व अंगी लागायला सोपे होते, हे तिला ठाऊक नव्हते. तिच्या आईची पद्धत होती एवढेच. कोपऱ्यात एक नवी सून बसली होती. ती म्हणाली, "माझ्या हातात काहीच नाही. डब्यांच्या किल्ल्या सासूबाईंकडे." सगळ्या गप्प झाल्या. मग तीच थोड्या वेळाने म्हणाली, "माळ्यावर लोखंडी कढई पडलीय. ती काढून घासते. पालेभाजी तिच्यात करते." अहो, याहून चांगले उत्तर कृषी विद्यापीठातही मिळाले नसते! लोखंडी भांड्यात शिजवल्याने भाजीत लोह उतरते, आणि टोमॅटो-चिंचेसारखे आंबट घातले तर अधिकच. शिजली की लगेच काढून ठेवायची, नाहीतर काळी पडते.

दोन महिन्यांनी मी परत गेलो. अकरांपैकी सहा जणींचे चालू होते. मटकीवालीचे बंद पडले होते, लग्नसराई आली म्हणाली. कढई चालू होती. सासूबाईंनीच आता तिच्यात पिठले टाकायला सुरुवात केली होती, चव येते म्हणून. अकरांत सहा म्हणजे पन्नास टक्क्यांच्या वर उगवण. बियाण्याला मी नापास केले असते, माणसांना करणार नाही.

आता मिठाकडे येतो, कारण शीर्षक त्याचे आहे.

आमच्या आईचा रक्तदाब वाढलेला. "मीठ कमी खा" हे तिला दहा वर्षे सगळे सांगत होते, आणि ती "कमीच खाते" म्हणत होती. दोघेही खरे बोलत असतील. कमी म्हणजे किती, हे कोणी मोजलेच नव्हते. आपण एकरी युरिया किती गेला हे सांगतो, घरात महिन्याला मीठ किती गेले ते सांगता येत नाही. जाणकार सांगतात की माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या वर मीठ नको, म्हणजे सपाट एक लहान चमचा, आमटीतले, भाकरीतले, लोणच्यातले सगळे धरून. पाच माणसांचे पंचवीस ग्रॅम. एक किलोचा पुडा चाळीस दिवस गेला पाहिजे. मग रोज ताटात डोकावून भांडण कशाला? पुडा फोडला त्या दिवशी त्यावर पेनने तारीख लिहायची. संपला की दिवस मोजायचे. एवढाच नेम.

आमचा पहिला पुडा अठरा दिवसांत संपला. मी हादरलो, आईवर थोडा चिडलोही. नंतर सुनेने सांगितले की जनावरांचे खडे मीठ संपले होते, म्हणून म्हशींच्या आंबोणात हेच टाकले जात होते! म्हशींना खडे मीठ वेगळे आणले. दुसरा पुडा सव्वीस दिवस गेला. मग लोणचे रोजचे होते ते एका वेळेवर आले, आणि भाकरीच्या पिठात मीठ घालायची सवय होती ती गेली. पुडा एकतीस दिवसांवर आला. तिथे तो वर्षभर अडला. पुढे मी काही ढकलले नाही. उन्हात राबणाऱ्याने वैशाखात ताकात चिमूटभर मीठ घेतले तर मी त्याला अडवणार नाही. नजर ठेवायची ती लोणचे, पापड आणि बाजारच्या खारट पुड्यांवर. आईच्या गोळ्या चालूच आहेत, त्या आपल्या मनाने कोणी बंद करू नयेत.

तेलाचाही हिशोब असाच डब्यावर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जे मार्गदर्शन छापले, त्यात दिवसाला दोन हजार कॅलरीच्या आहारात २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. पाच माणसांना रोज १३५ ग्रॅम. म्हणजे पंधरा किलोचा डबा साडेतीन महिन्यांच्या वर पुरायला हवा. आपला किती पुरतो? डब्यावर तारीख लिहा आणि बघा. साठ दिवस पुरत असेल तर उद्यापासून शंभरावर उडी मारू नका. पुढचा सत्तर दिवस जाईल असे बघा. फोडणी पळीने न घालता चमचा मोजून घातली तरी एवढे होते. त्याच मार्गदर्शनात माणशी ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळ सांगितले आहे. पाच जणांना दोन किलो भाजी रोज! हे वाचून आपण वर्तमानपत्र मिटून ठेवाल, म्हणून मी तो आकडा बैठकीत सांगत नाही. आठवड्याच्या बाजाराला एकदा भाजी आणणाऱ्या घराने आधी एवढेच बघावे की आठवड्यातले चार दिवस मूठभर हिरवे ताटात पडते का. शेतात राबणाऱ्याला भाकरी जास्त लागते, ती खुशाल खावी. भाजी मात्र तोंडी लावण्यापुरती असू नये.

आणि ही भाजी येणार कुठून, हा प्रश्न शेतकऱ्याने विचारावा? गाडीभर वांगी मोंढ्यावर पाठवणाऱ्या घरात चटणीशी भाकरी खाताना मी पाहिली आहे. मोरीच्या पाण्यावर दोन हात रुंदीचा एक वाफा धरा. त्यात मेथी एकदम टाकू नका. दर दहा-बारा दिवसांनी एक हातभर ओळ टाका, म्हणजे एकदम उतू जात नाही आणि एकदम संपत नाही. आणि एक शेवगा. पीकेएम-१ किंवा कोकण रुचिरा, कोणताही. शेंगा आपण खातो, पण खरी दौलत पानांत आहे. कोवळा पाला तुरीच्या डाळीत टाकून बघा. दारासमोर शेवगा नको असे काही घरांत मानतात, तर मोरीमागे लावा. त्याची फांदी कच्ची असते, पोरांना वर चढू देऊ नका एवढेच.

नेम मोडतात ते उन्हाळ्यात. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, कुर्डू बांधावर फुकट असते, हिवाळ्यात तर विचारायलाच नको. चैत्रात विहीर तळाला जाते, वाफा वाळतो, आणि मग बटाटा आणि बेसन एवढेच उरते. म्हणून हंगाम बदलला की नेमही बदलावा. उन्हाळ्यात पालेभाजीचा हट्ट नको. मोडाची उसळ, शेवग्याचा पाला, दह्या-ताकात कांदा आणि वर लिंबू, एवढ्यावर जून गाठावा. ज्वारी कापसापुढे आणि उसापुढे हटून रानातून गेली, तशी काही घरांत ताटातूनही गेली आणि रेशनच्या तांदळावर दोन्ही वेळा भागू लागल्या. आमच्या सोलापूरकडे मोहोळच्या मालदांडीची भाकरी पाहुण्यांना कौतुकाने वाढतात, पण घरचे पोर चपाती मागते. त्याला रागावू नका. आठवड्यातून दोन दिवस भाकरीचे ठरवा आणि त्या दिवशी पिठले चांगले करा.

पोरांवरून आठवले. दहा रुपयांची खारट, कुरकुरीत पुडी! ती आजोबा आणतात, त्यामुळे सुनेला बोलता येत नाही. दोन नातवंडे, रोजचे वीस रुपये, महिन्याचे सहाशे. अंडे सात रुपयांना धरले तर पंच्याऐंशी अंडी होतात. अंडे न खाणाऱ्या घरात तेवढ्यात शेंगा, गूळ आणि फुटाणे किती येतील ते आपणच काढा. आजोबांना मी सांगतो, पुडी बंद करू नका, बाजाराच्या वारावर न्या. नातवाला वाट बघण्याचीही गोडी असते. बाकीच्या दिवशी खिशात फुटाणे ठेवा. खिशात हात घातल्यावर काहीतरी निघाले पाहिजे, एवढेच त्या पोराचे म्हणणे असते.

माझ्या स्वतःच्या साखरेचे काय झाले, असे आपण विचाराल. वासरू दुधावरून एका दिवसात तोडत नाहीत. चहात दोन चमचे साखर होती, ती दर महिन्याला पाव चमचा कमी केली. आठ महिने लागले. आता गोड चहा मलाच जात नाही. गोळी मात्र घ्यावीच लागते. लग्नात जिलेबी वाढली तर एक खातो, आणि दुसऱ्या दिवशी काही झाले नाही अशा थाटात पुन्हा नेमाला लागतो. जत्रा, पाहुणा, सण हे शेतातल्या वळवासारखे. त्यांचा हिशोब दिवसावर करू नये, आठवड्यावर करावा. सातांत पाच दिवस जमले की मी ते जमले असे धरतो.

पुढच्या खेपेस ज्वारीवरच्या चिकट्याविषयी बोलू, त्याच्या तक्रारी येऊ लागल्या आहेत. दरम्यान आपल्या घरात पाच नसून सात माणसे असतील तर मिठाचा एक किलोचा पुडा अठ्ठावीस-एकोणतीस दिवस आणि चार असतील तर पन्नास दिवस जायला हवा. जनावरांचे मीठ वेगळे ठेवून मग मोजा. आमच्या घरचा आताचा पुडा पस्तिसाव्या दिवशी आहे. काल आईने तो हलवून बघितला आणि म्हणाली, अजून चार दिवस निघतील.